कंबर आणि कमानपाटे

जुन्या फियाटवाल्यांची बैठक कुठेही भरो, बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी कार्बोरेटर, मग क्रोम प्लेटिंगचे चढलेले भाव, मग कुर्ल्यात कुणाला कुठला पार्ट मिळाला, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत गाडी एल-फोर एल-फाइव्हवर, म्हणजे कंबरेच्या खालच्या मणक्यांवर, येऊन थांबते. ‘काय काका, क्लच कसा आहे?’ ‘क्लच झकास रे, कंबरच स्लिप होतेय.’ चेसिस नंबर एक वेळ पाठ नसेल, एमआरआयचा रिपोर्ट मात्र तोंडपाठ असतो.

वयाचा हिशेब मांडला तर यात नवल काही नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघू लागली. मध्ये थोडा काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. त्याआधीची गोलमटोल ती आपली डुक्कर फियाट. म्हणजे पहिली पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आणि तिच्या पुढच्या अखंड सीटवर आईच्या मांडीत बसून फिरलेली पोरं साठीकडे सरकली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढायची नाही. मालकाच्या मणक्याला अशी सवलत कुठल्याच नियमात नाही.

इंजिन उचललं, गिअरबॉक्स उचलला म्हणून कंबर गेली, असा सर्वसाधारण समज आहे. जरा खोदून विचारलं तर बहुतेकांची कंबर भलत्याच कामात गेलेली असते. डॅशबोर्डखाली मान वाकडी करून स्पीडोमीटरची केबल बसवताना, मडगार्डवरून ओणवं होऊन चौथ्या सिलिंडरचा प्लग काढताना, नाहीतर जमिनीवर पडलेला दहा नंबरचा पाना उचलताना. इंजिन काढायच्या दिवशी चार माणसं असतात, चेन ब्लॉक असतो, सगळे सावध असतात. गाफीलपणा असतो तो हलक्या कामात.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलण्याचं काम घ्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. पाणी कमी पडून एकदा गाडी तापली की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि मग ते उतरवून लेथवाल्याकडे नेण्याशिवाय गत्यंतर नसतं. हेडचं वजन फार नाही, दहा-बारा किलो धरून चाला. पण ते उचलायचं कुठून? मडगार्डच्या बाहेर उभं राहून, हात लांब करून, शरीरापासून अर्धा मीटर पुढे. कंबरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. बारा किलो अर्ध्या मीटरवर धरले तर त्या पाच सेंटिमीटरवाल्या स्नायूंना दहापट, म्हणजे एकशेवीस किलोंची ओढ द्यावी लागते. शिवाय ओणवं झालेलं आपलं धड त्यांनाच तोलायचं असतं, त्याचा हिशेब वेगळा. हा सगळा भार शेवटी दोन मणक्यांमधल्या चकतीवर येतो. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला. उभं असताना जेवढा दाब, त्यापेक्षा नुसतं बसल्यावर जास्त निघाला, आणि पुढे वाकून हातात वजन धरल्यावर दुपटीच्याही वर गेला. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात वजन अंगालगत आणि कंबरेच्या उंचीला असेल, अंगाला पीळ नसेल, तरच २३ किलोंची मर्यादा दिलेली आहे. वजन जसं लांब जाईल तशी ती झरझर उतरते. मडगार्डपलीकडचं हेड म्हणूनच वाटतं तितकं हलकं नाही.

उपाय साधे आहेत. बॉनेट दोघांनी मिळून आधीच काढून भिंतीला लावून ठेवायचं. मडगार्डवर चांगली जाड गोधडी टाकायची, म्हणजे रंगही वाचतो आणि मांडी टेकून अंगाचा भार गाडीवर देता येतो. एक हात पाना फिरवत असेल तेव्हा दुसरा हात कुठेतरी टेकलेला हवा. हेडचे नट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे आणि परत बसवताना मधून बाहेर टप्प्याटप्प्याने आवळायचे. अॅल्युमिनियम बिडाला चिकटून बसतं, तेव्हा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. त्याने हेडला चर पडतो आणि चर पडलेल्या जागी नवं गॅस्केट कधीच नीट बसत नाही. त्यापेक्षा नट काढून, प्लग जागेवर ठेवून स्टार्टर क्षणभर फिरवला की आतल्या दाबानेच हेड सुटतं. पेट्रोलचा पाइप आणि इग्निशनची वायर त्याआधी काढलेली हवी. हेड सुटलं की एकट्याने उचलायचं नाही. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि दोघांच्याही अंगालगत.

गंजलेले बोल्ट हा कंबरेचा दुसरा शत्रू. पाना लावून, पाय रोवून, सगळा जीव एकवटून ओढायचं, आणि बोल्ट अचानक सुटला की पीळ बसलेलं अंग झटक्याने मागे जातं. त्या झटक्यात कमरेत चमक भरते. असा बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवावा, सकाळी हातोडीने डोक्यावर चार टिचक्या माराव्यात, तरीही ऐकला नाही तर गॅसच्या टॉर्चने तापवून नट लाल करावा (पेट्रोलची टाकी आणि पाइप जवळ नाहीत हे बघून). पाना नेहमी रिंगचा, त्यात पाइप घालून दांडा लांब करायचा, आणि शक्य तिथे ओढण्याऐवजी उघड्या तळव्याने ढकलायचं. चाकांचे नट गाडी जॅकवर चढवण्याआधी, चाकं जमिनीवर असतानाच सैल करायचे.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र सगळा उत्साह आवरता घ्यावा. प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरची लिंकेज सोडवली, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट काढले, आणि शेवटचा बोल्ट निघतो तेव्हा गिअरबॉक्स गाडीखाली पाठीवर झोपलेल्या माणसाच्या छातीवर असतो. छातीवरून तो बाजूला सरकवताना कंबर पिळवटते. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत राहिला तर क्लच प्लेटचा हबही वाकतो, आणि नवी प्लेट टाकूनही क्लच थरथरतो. यावर जुन्या मिस्त्रींची युक्ती अशी : वरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी त्याच आट्यांचे, डोकी कापलेले लांब स्टड हाताने बसवायचे. मग बाकीचे बोल्ट काढले तरी गिअरबॉक्स त्या दोन स्टडवरून ड्रॉवरसारखा सरळ मागे सरकतो. त्याच्या खाली ट्रॉली जॅक आणि जॅकच्या थाळीवर लाकडाचा ठोकळा. गाडी अर्थातच चार स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

पत्राकामाला सर्वांत जास्त दिवस जातात आणि कंबरही सर्वांत जास्त तिथेच झिजते. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. गंज लागतो तो फ्लोअरला, दरवाज्याखालच्या सिलला, डिकीच्या तळाला, चाकांच्या कमानींना. मुंबईची किंवा कोकणातली गाडी असेल तर मॅट उचलली की खालचा रस्ताच दिसतो. सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे टेके वेल्ड करून घ्यावेत. हे विसरलं की बॉडी मध्ये बसते आणि नंतर दरवाजा काही केल्या लागत नाही. पत्रा वीस गेजचा. मिग वेल्डिंग सलग ओढायचं नाही, लांब लांब ठिपके देत जायचं, मधल्या वेळात पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो लाटा मारतो. मग झिंक प्रायमर, जोडावर सीलर, खालून अंडरकोट. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरली की वर्षा-दोन वर्षांत तडकते. लोहचुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावर फिरवा : जिथे तो चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाची लांबी आहे.

हे सगळं गाडीखाली झोपून, डोळ्यांत गंज घेत करायचं की बॉडीच आडवी फिरवायची, हा प्रश्न चाळिशीनंतर पैशांचा राहत नाही. इंजिन, अॅक्सल, काचा काढून झालेली नुसती बॉडी दोन टोकांना धरून गोल फिरवणारा सांगाडा कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बनवून देतो. मग फ्लोअर समोर उभा राहतो आणि वेल्डिंग कंबरेच्या उंचीवर होतं. ज्याच्याकडे एकाच गाडीचं काम आहे त्यालाही हा खर्च परवडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. फिजिओथेरपीची पॅकेजं काही स्वस्त नसतात.

आणखी एक गोष्ट वेळेची. रविवारी पहाटे उठून, तोंड धुऊन थेट गाडीखाली शिरणारे अनेक उत्साही असतात. रात्रभर झोपल्यावर चकत्यांमध्ये पाणी भरून त्या फुगलेल्या असतात, आणि अशा वेळी वाकलं तर त्यांच्यावर दिवसाच्या मानाने कितीतरी जास्त ताण येतो. पहिला तासभर टेबलावरची कामं करावीत : डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासणं, कार्बोरेटरची जेट फुंकणं, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलणं. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर मऊ पडतं, चिरतं आणि गरम मॅनिफोल्डवर गळतं. इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्यावा. तसंच वीसेक मिनिटं ओणवं राहिल्यावर कण्याचे बंध सैलावलेले असतात. त्या अवस्थेत लगेच बॅटरी उचलू नये. दोन मिनिटं उभं राहावं, फिरावं, हवं तर लांबून गाडीकडे बघावं.

गाडी तयार झाली की कंबरेचा विषय संपतो असं वाटतं. पण मग सीट आडवी येते. तिच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात, काथ्याचा चुरा झालेला असतो, त्यामुळे बसणारा मागच्या खड्ड्यात रुततो आणि कंबरेची कमान उलटी होते. नुसतं वरून रेक्झिन बदलून काही होत नाही. स्प्रिंगा परत बांधून, वर नवा काथ्या आणि कडक फोम टाकून घ्यावा. मागचे कमानपाटेही (लीफ स्प्रिंगा) उतरवून, गंज घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बसवावेत, बुश आणि शॉकअप नवे टाकावेत. टॅक्सीवाले ओझ्यासाठी जादा पाटा घालत, तो मिळाला तर काढून टाकावा. घरच्या गाडीत तो प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवतो. स्टीअरिंग जड लागत असेल तर पुढचं टोक उचलून, चाकं लोंबती ठेवून किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीत, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारावं.

एवढं करूनही कंबर धरलीच तर आठवडाभर अंथरूण धरू नये. एक-दोन दिवस जपून, मग झेपेल तेवढं चालणं. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत निवळतात. कंबरपट्टा आणि वेदनाशामक गोळी यांचा धोका एवढाच, की दुखणं दबतं आणि माणूस परत गाडीखाली जातो. मात्र पाय लुळा पडू लागला, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून गेली. तेव्हापासून जुने पार्ट आटू लागले, आणि दिसेल तो डिफरन्शियल, दिसेल तो अॅक्सल घेऊन ठेवायची सवय साऱ्यांना लागली. घ्या, जरूर घ्या. जड माल गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली असलेल्या फळीवर ठेवा, वरच्या फळ्यांवर काचा, बीडिंग, हबकॅप. डिफरन्शियल माळ्यावर टाकणारे लोक आहेत. तो चढवायला चाळीतली चार पोरं आली होती. ती आता कुणी ठाण्याला, कुणी ह्यूस्टनला असतात.