एकतीस जानेवारी अधिक एक महिना

सोसायट्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर हे माझं रोजचं काम, ऑफिस महापेला. परवा घणसोलीच्या एका सोसायटीतल्या खजिनदार काकांचा फोन. "मॅडम, ३१ जानेवारीपासून दर महिन्याला हप्ता, म्हणजे नक्की कधी हो?"

काका, डेटाबेसांचंही, म्हणजे हा सगळा डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, यावर एकमत नाही!

पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये ३१ जानेवारी २०२४ अधिक एक महिना म्हणजे २९ फेब्रुवारी. त्यात आणखी एक महिना मिळवा, २९ मार्च. पण मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसचं अ‍ॅड मंथ्स, म्हणजे महिने मिळवणारं फंक्शन, महिनाअखेरीला चिकटून राहतं, २९ फेब्रुवारीवरून थेट ३१ मार्चला नेतं. आणि त्याच ओरॅकलमध्ये ३१ जानेवारीला एक महिन्याचं इंटरव्हल, म्हणजे कालावधी, जोडलं, तर तो सरळ एरर तोंडावर फेकतो. मला तर हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

पोस्टग्रेस इंटरव्हलचे महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद वेगवेगळे साठवतो. महिना किती दिवसांचा, हे तारीख समोर आल्यावरच ठरतं. दोन इंटरव्हलची तुलना करताना मात्र गपचूप ३० दिवस धरतो.

म्हणून हप्ते काढताना मागच्या हप्त्यात महिना मिळवायचा नाही. दरवेळी पहिल्या तारखेपासून मोजायचं. काकांना एवढंच सांगितलं.

एसक्यूएल सर्व्हर या तिसऱ्या डेटाबेसची तऱ्हा आणखी निराळी. ३१ डिसेंबर ते १ जानेवारी हे अंतर त्याच्या डेटडिफला, म्हणजे तारखांमधलं अंतर काढणाऱ्या फंक्शनला, वर्षांत विचारा, उत्तर येतं १. तो फक्त ओलांडलेल्या वर्षांच्या सीमा मोजतो. यावरून लोक वय काढतात, बोला!