तोंडी सहाशे दहा, कागदावर 60010

समावेशित शिक्षणाची, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत मदत करणारी, विशेष शिक्षिका म्हणून दापोली तालुक्यातल्या शाळांत फिरते, तेव्हा स्वागताचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. हर्णैजवळच्या एका शाळेत चौथीच्या गुरुजींनीही एका मुलाबद्दल तेच ऐकवलं. "डोकं आहे हो मॅडम, पण आळशी. तोंडी विचारा, फाडफाड बोलेल. वही काढ म्हटलं की पाणी प्यायला पळतो."

मी वही मागितली. चुका किती, हे मी बघत नाही. कसल्या, ते बघते. 'पानी', 'कोन' हे आधी बाजूला काढलं. बंदरावरच्या कितीतरी घरांत 'ण' उच्चारतच नाहीत, त्यामुळे अर्धा वर्ग तसंच लिहितो. ती घरची बोली. तिलाच दोष ठरवणारे भेटले की माझं डोकं फिरतं.

उरलं ते मात्र वेगळं होतं. एकाच पानावर 'समुद्र' तीनदा आलेला: 'सुमद्र', 'समुर', 'समद'. काने गळालेले, 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म'. फळ्यावरून उतरवलेल्या मजकुरातही मधली ओळ गायब. शब्द चुकीचा पाठ झालेलं मूल सहसा तीच चूक पुन्हा करतं. इथे चूकच दर वेळी बदलत होती.

वाचायला दिलं तर पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजपंचे. 'बाजार' दिसला की 'बाजू'. तोच धडा मी वाचून दाखवला, तर सगळी उत्तरं बरोबर, वर माझा 'म्हाकूल'चा (समुद्रातल्या स्क्विडचा) उच्चारही त्याने सुधारला.

त्याची आई लिलावात मासळी घेऊन विकते, हे कळल्यावर विचारलं, "दीडशेचे तीन वाटे आणि ऐंशीचे दोन. किती झाले?"

"सहाशे दहा." माझी बेरीज व्हायच्या आत.

"लिही बघू."

त्याने 60010 लिहिलं. सहाशे, आणि पुढे दहा, ऐकलं तसं. मग माझ्याकडे न बघता खोडरबर शोधायला लागला.

दुपारी आई आली. "मारून झालं, ट्यूशन लावून झाली. याच्या बापाचंपण असंच, सही तेवढी येते." हे कानावर पडलं ते बरं झालं, कारण मला जिचा संशय होता ती अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं, पुष्कळदा घराण्यात चालत येते. तिला सांगितलं, की निदान करणारी मी नव्हे. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग मानसतज्ज्ञांकडून बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या. आठ वर्षांच्या आत सहसा ठामपणे सांगत नाहीत, याचं वय मात्र आता योग्य आहे. अध्ययन अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

"दिव्यांग?" तिने पदर सावरला. "हा तर होडीचं इंजिन खोलून परत बसवतो."

"म्हणूनच तपासायचं," मी म्हटलं.

गुरुजींशी ठरलं, की परिसर अभ्यास तोंडी घ्यायचा, फळ्यावरून उतरवणं कमी करायचं आणि वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. शेवटच्या अटीवर ते जरा घुटमळले.

आई म्हणाली, जिल्ह्याला न्यायचं तर जून-जुलैतच, मासेमारी बंदीत. आत्ता एक दिवस बुडाला तरी हातातलं गिऱ्हाईक जातं. मी घासाघीस केली. डोळे-कान याच आठवड्यात दापोलीला, बाकीचं बंदीत.