पंचनाम्यात काय लिहायचं

सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले दोघे गेले, एवढाच निरोप होता. मी मुंबईत सफाई कामगारांच्या हक्कांसाठी काम करते. असा फोन आला की आधी घटनास्थळ आणि पोलीस ठाणं, शवागार नंतर. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण पहिल्या काही तासांत कागदावर जे उतरतं त्यावरच पुढची केस उभी राहते.

मी पोचले तेव्हा हवालदार पंचनामा लिहीत होते. टाकीच्या झाकणाशेजारी नायलॉनची दोरी, लोखंडी बादली, दोन जोड चपला आणि घडी करून ठेवलेला एक शर्ट. मी म्हटलं, "जे नाही तेही लिहा." ते चक्रावले. "नाही ते कसं लिहू, ताई?" हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे. ती पुढे धरली. अखेर त्यांनी एकेक ओळ घातली: श्वसनयंत्र मिळून आले नाही, गॅस तपासण्याचे यंत्र मिळून आले नाही, सेफ्टी बेल्ट मिळून आला नाही. कोर्टात ठेकेदार हमखास सांगतो, "साहित्य दिलं होतं, यांनीच काढून ठेवलं." त्याला उत्तर म्हणजे या ओळी.

ठाण्यात खरी रस्सीखेच झाली. साहेब अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर अडून होते. साधनांशिवाय टाकीत उतरवणं हाच गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र, हे त्यांनी कायदा वाचून मान्य केलं. ॲट्रॉसिटीचं नाव काढताच मात्र आवाज चढला.

"यात जात कुठून आली? टाकीत कोणीही गुदमरला असता."

"गुदमरला कोणीही असता, साहेब. उतरवलं कोणाला?"

दोघेही मातंग समाजाचे, जालन्याकडचे. अशा कामाला माणूस हवा असला की ठेकेदाराला कोणत्या वस्तीत जायचं हे बरोबर ठाऊक असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मैला साफ करायला लावणं हा गुन्हा ठरवणारं कलम ३(१)(जे) २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात आलं ते याचसाठी. गावाकडून जातीचा दाखला मोबाइलवर मागवला आणि मग तपास सहायक पोलीस आयुक्तांकडे गेला.

तोवर शवागाराबाहेर सोसायटीचे सेक्रेटरी एकाच्या भावाला बाजूला घेऊन बसले होते. दोन लाख रोख, केस नको. भाऊ गोंधळला होता आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. मयत गावी न्यायला गाडीचे पैसेसुद्धा नव्हते. मी त्याला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली आहे, आणि तो तुमचा हक्क आहे. टाकी खासगी सोसायटीची आहे म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. गोवंडीत खासगी सोसायटीच्या टाकीत नवरे गमावलेल्या तीन विधवांना २०२१ मध्ये उच्च न्यायालयात जाऊन तेव्हाची १० लाखांची भरपाई मिळवावी लागली होती.

तो काही बोलण्याआधी त्याची वहिनी उठली. "भाऊजी, पैसे घेऊ नका. पोरं मोठी झाल्यावर विचारतील."

रात्री उशिरा एफआयआर झाला. तिने तो पूर्ण वाचून घेतला, नवऱ्याचं वय चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं आणि मगच सही केली.

आता भरपाईचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आहेत. दोषारोपपत्र अजून यायचंय. त्यात ठेकेदाराबरोबर काम देणारे सोसायटीचे पदाधिकारीही आरोपी राहतात की मधल्या मध्ये गळतात, यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो आहोत.