गोलीला विचारा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचा निरोप आला, 'शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा.' मला शाळेने हॉकीतल्या गोलीचे, म्हणजे गोलकीपरचे, पॅड दिले. एका पॅडचा पट्टा तुटलेला होता, तिथे सुतळी बांधून भागवावं लागायचं. आठवीत माझी उंची एकदम वाढली, पळण्यात मात्र मी शेवटून पहिला. म्हणून पी.टी.च्या सरांनी मला गोलात उभं केलं आणि १९७६ साली एसएससी होऊन बाहेर पडेपर्यंत मी तिथेच होतो. पुण्याच्या खडकीत स्टिक हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचं असतं. खडकीचाच पुढे गाजलेला फॉरवर्ड धनराज पिल्ले मी नववीत असताना जेमतेम सहा वर्षांचा होता, म्हणजे ही खोड त्याच्याही आधीची. फुलबॅक, म्हणजे गोलीच्या पुढ्यात बचावाला उभा राहणारा, आणि गोली या उरल्यासुरल्यांच्या जागा. अशा गावात १९७५ च्या मार्चमध्ये आमचा नववीचा वर्ग भांडला तो फुलबॅकवरून, याचं मला आजही नवल वाटतं.

भांडण साधं होतं. भारताच्या संघातला सर्वांत चांगला फुलबॅक कोण? सुरजितसिंग, मायकेल किंडो, की अस्लम शेरखान?

असला वाद आमच्या घरात आधीपासून मुरलेला होता. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत असलेले माझे काका आणि त्यांचे दोस्त आधीच्या फुलबॅकांपैकी प्रिथिपालसिंग मोठा की गुरबक्षसिंग, यावरून चहा गार करत. टोकियो ऑलिंपिकच्या फायनलला १९६४ मध्ये पाकिस्तानला हरवलं ते प्रिथिपालच्या पेनल्टी कॉर्नरमुळे (गोलाजवळच्या चुकीबद्दल मिळणारा फटका), असं काकांचं म्हणणं. फटका गोलरेषेवर पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला आणि मिळालेल्या पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे समोर फक्त गोली असताना मारायच्या फटक्यावर, मोहिंदरलालने गोल केला. समोरचे म्हणत, कॉर्नर राहू दे, मागे कोण उभं होतं ते सांग. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकला जाताना निवडणाऱ्यांनी कमालच केली. ज्या दोघांवरून लोक भांडत होते त्या दोघांनाच जोडकप्तान केलं. ऑलिंपिकची अंतिम फेरी भारताने पहिल्यांदा हुकवली ती तिथेच, आणि ब्राँझवर समाधान मानावं लागलं. काका त्यावर बोलत नसत.

१९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक आम्ही ऐकला. हो, ऐकला. मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं होतं, पण सामना घरी यायचा तो ट्रान्झिस्टरवरून, समालोचक जसदेव सिंग यांच्या आवाजात. सेमीफायनलला यजमान मलेशिया २-१ ने पुढे होता आणि सामना संपत आलेला. किंडोला बाहेर काढून बाकावरच्या अस्लमला आत पाठवलं. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, अस्लमने गळ्यातल्या ताइताचं चुंबन घेतलं आणि चेंडू गोलात घातला. ताइताची गोष्ट अर्थात आम्हाला नंतर पेपरमधून कळली. जादा वेळेत हरचरणसिंगने तिसरा गोल केला. शनिवार, १५ मार्चला फायनल, समोर पाकिस्तान. झाहिदने त्यांना पुढे नेलं, सुरजितने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली आणि ध्यानचंदांचा मुलगा अशोककुमार याने दुसरा गोल केला. २-१. त्या संध्याकाळी खडकी बाजारात पेढे संपले होते.

सोमवारी वर्गात तट पडले. सुरजितवाले सर्वांत जास्त आणि आवाजानेही मोठे. त्यांच्याजवळ फायनलचा गोल होता, शिवाय १९७३ च्या अ‍ॅम्स्टेलव्हीनच्या फायनलमधले भारताचे दोन्ही गोल सुरजितचेच, हेही त्यांना पाठ होतं. तो विश्वचषक आपण बरोबरीनंतरच्या पेनल्टी स्ट्रोक्सवर हरलो, पण तो दोष फुलबॅकचा कसा, असा त्यांचा सवाल. अस्लमवाल्यांचं गणित खास खडकीचं होतं. अस्लमचे वडील अहमद शेरखान १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकला खेळले, त्याच संघात आपल्या खडकीचे बाबू निमल होते, म्हणजे अस्लम भोपाळचा असला तरी घरचाच. यावर कोणी काय बोलणार?

किंडोच्या बाजूने एकटाच होता, आमच्या शाळेच्या संघाचा लेफ्ट फुलबॅक. आम्ही त्याला 'किंडो' म्हणूनच हाक मारायचो, अजूनही मारतो. खरा मायकेल किंडो सिमडेगाकडचा आदिवासी, १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकला ब्राँझ जिंकलेल्या संघात होता, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. एवढं सांगून झालं की आमच्या किंडोचं भांडवल संपायचं. उलट, 'त्याला काढला म्हणून जिंकलो,' असं सुरजितवाले तोंडावर म्हणत. तो लाल व्हायचा आणि गप्प बसायचा.

सरांनी एकदा हे मैदानावर ऐकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "ही सगळी पुढे तोंड करून खेळतात. फुलबॅकची पाठ रोज बघतो तो तू. तू सांग." मला काही सांगता येईना. मग ते म्हणाले, "पुढच्या मॅचला लक्ष ठेव, तुझ्या पॅडला चेंडू कोणाच्या बाजूने जास्त लागतो."

मी लक्ष ठेवलं. आमच्या संघात उजवीकडे जो फुलबॅक होता त्याला आम्ही सुरजित म्हणायचो. मुरमाच्या मैदानावरही त्याचा फटका गोळीसारखा जायचा. पण कॉर्नर मारायला पुढे गेला की परत यायला त्याला वेळ लागे, आणि समोरचा फॉरवर्ड आला की तो आधीच स्टिक टाकून मोकळा व्हायचा. टॅकल साधली तर टाळ्या, नाही साधली तर डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, तो फॉरवर्ड आणि मी. डावीकडचं काम मुळात अवघड. स्टिकची सपाट बाजू एकच, आणि समोरचा राइट विंगर लेफ्ट फुलबॅकच्या नेमक्या उलट्या हाताने पळतो. आमचा किंडो त्याच्यावर तुटून पडायचाच नाही. दोन पावलं मागे सरत, आतली वाट बंद ठेवून त्याला कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत नेऊन सोडायचा. तिथून विंगर काय मारणार? शिवाय तो कधीही माझ्या आणि चेंडूच्या मध्ये उभा राहिला नाही. ही गोष्ट ज्याने गोल राखलाय त्यालाच कळेल. कॉमेंटेटर याचं नाव कशाला घेईल? रेडिओवर चेंडू ज्याच्यापाशी तोच खेळाडू ऐकू येतो. आम्ही वर्गभर ज्या तिघांवरून भांडत होतो त्यांना आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. ऐकले होते ते त्यांचे गोल.

खऱ्या सुरजितला पुढे मी पाहिलं. मुंबईत १९८२ चा विश्वचषक झाला तेव्हा तो कप्तान होता. आपण पाचवे आलो. मी मात्र चेंडू सोडून त्याच्याकडेच बघत बसलो होतो, शेजारचे वैतागले. धिप्पाड माणूस, पण धावायचा कमी आणि जागा आधी धरायचा. फटक्याच्या कौतुकात आम्ही त्याच्यावर अन्यायच केला होता म्हणायचा. दोन वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, जालंधरजवळ मोटार अपघातात तो गेला. मायकेल किंडो २०२० च्या शेवटच्या दिवशी राउरकेलात वारले, तेव्हा आमच्या किंडोने वर्गाच्या ग्रुपवर फक्त बातमी टाकली. सुरजितवाल्यांनी पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

वाद संपला असं मात्र समजू नका. नावं बदलली. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये फुलबॅक हरमनप्रीतसिंगने दहा गोल केले, तेव्हा सुरजितवाल्यांना पुन्हा जोर चढला. आमचा किंडो दुसरा बचावपटू अमित रोहिदास याच्या बाजूचा, कारण रोहिदास सुंदरगढचा, किंडोच्याच मुलखातला. ब्रिटनविरुद्ध रोहिदासला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनी उरलेला सामना तोलून धरला आणि शूटआऊट जिंकली. मग बंदीमुळे तो जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलला नव्हता आणि आपण ३-२ ने हरलो. "आता कळलं कोण कुठे उभा असतो ते?" असा आमच्या किंडोचा मेसेज रात्री उशिरा आला. त्याला मिळालेलं उत्तर स्मरणिकेत छापण्याजोगं नाही.

महोत्सवात माजी विरुद्ध आजी असा सामना ठरतोय म्हणे. लेफ्ट फुलबॅकच्या जागेवर दोघांनी हक्क सांगितलाय, दोघांचेही गुडघे बदललेले. गोलात कोण, हे मला कोणी विचारलेलं नाही, परस्पर ठरवलंय. समितीला एवढीच विनंती, पॅडचे पट्टे आधी तपासून घ्या.