फक्कीच्या रेघा

दहावीच्या गुणवत्ता यादीची पानं आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत असतीलच, म्हणून मी सरळ मैदानावर येते.

आमची 1986 ची बॅच. त्या काळी साताऱ्यात थोराड मुलीनं हाफ पँट घालून पळायचं म्हणजे घरोघरी चर्चा. "पोरीच्या जातीला कशाला हव्यात शर्यती?" हे आमच्या आजीचं ठरलेलं वाक्य. पण शाळा फक्त मुलींची, भोवती उंच कंपाउंड आणि सिस्टरांची करडी नजर, एवढ्यावर घरून परवानगी मिळायची. त्या भिंतीला आम्ही तेव्हा भरपूर नावं ठेवली. ती नसती तर आमच्यातल्या निम्म्या जणी मैदानात उतरल्याच नसत्या, हे आता कळतं. (जिल्ह्याच्या स्पर्धेला अशी भिंत नसायची. तिथल्या शिट्ट्यांचा बंदोबस्त पी.टी.च्या बाई नुसत्या वळून बघण्यानं करायच्या.)

1984 साली लॉस एंजेलिसला बायकांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली आणि पी. टी. उषाचं ब्राँझ एक शतांश सेकंदानं हुकलं. प्रार्थनेनंतर हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी ती बातमी स्वतः वाचून दाखवली. नंतर बाईंनी शाळेचं स्टॉपवॉच आमच्यापुढे धरलं. काट्याचं, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच मोजणारं. "तिसरी 55.41, उषा 55.42. आपल्या घड्याळावर दोघी बरोबरीत!" बाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात आम्हाला अडथळे हवे झाले. ते शाळेत नव्हतेच. मग विटांच्या चळतींवर बांबू आडवे टाकले. बांबू सिस्टरांच्या भाजीच्या वाफ्यातले, आणि ते पुन्हा जागच्या जागी लावून द्यायची अट!

आमचं खरं बळ मात्र रिलेत, 4 बाय 100 मध्ये, म्हणजे चौघींनी एकीमागून एक 100-100 मीटर पळायच्या शर्यतीत. वेगानं आम्ही इतर शाळांपेक्षा फार पुढे नव्हतो, पण बॅटन द्यायला-घ्यायला आमच्यासारख्या आम्हीच. सुताराकडून कापून आणलेला तो लाकडी दांडका मधल्या सुट्टीत व्हरांड्यात हातोहात फिरायचा. आधी उभ्यानं, मग चालत, मग पळत. मैदानावर बॅटन द्यायचा-घ्यायचा 20 मीटरचा पट्टा फक्कीनं आखायचा आणि त्याच्या मागे पावलं मोजून एक आडवी खूण करायची. मागची मुलगी त्या खुणेवर आली की पुढचीनं सुटायचं, मागे वळून बघायचं नाही. "घे" ऐकू आलं की हात मागे, पंजा उघडा. बघितलंस की गेलीस, हे बाईंचं पालुपद. पावसात रेघा धुऊन जायच्या, की पुन्हा बादली आणि पुन्हा फक्की. हाताला चुना लागून कातडी फुटायची, ती वेगळीच.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतलेल्या मुली आणि आम्ही बाकीच्या मिळून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंतचा चढ पळत चढायचो. उतरताना पळायला बंदी, गुडघ्यांसाठी.

आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 साली रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. त्या रात्री आमच्या बॅचच्या ग्रुपवर दहावीच्या टक्क्यांबद्दल कुणीही बोललं नाही.

माजी विद्यार्थिनींच्या देणगीतून काय करावं, यावर परवा बैठक झाली. बहुमत डिजिटल वर्गाकडे झुकलेलं दिसलं. मी खऱ्या अडथळ्यांचा एक संच आणि मैदानावर माती, एवढंच मागितलंय. आमच्या रिलेतल्या चौघींनी हात वर केलेत, आणखी कुणी करणार असेल तर समितीला जरूर कळवा.