बिनवासाच्या क्रीमसाठी झालेली वणवण

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, दिवसातून किमान दोनदा, आंघोळीनंतर लगेच. निदानाला वेळ लागलाच नाही. लेकाचे लाल, खरखरीत गाल आणि पोटऱ्यांवरचे चट्टे बघताक्षणी त्यांनी एक्झिमा म्हणून सांगितलं. हा कुणाकडून कुणाला लागत नाही. त्वचेचं आवरणच कमजोर असतं, ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं काहीही चटकन झोंबतं. सगळं नीट समजावून सांगितलं. गुहागरहून चिपळूणला जाऊन संध्याकाळी घरी परत. अडलं ते पुढे, मेडिकलच्या काउंटरवर. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहिली न पाहिली आणि गुलाबी बाटली पुढे सरकवली. "वहिनी, हे घ्या. बेबीचंच आहे." झाकण उघडलं तर पावडरीसारखा भपकारा. मी म्हटलं, दादा, वास नसलेलं लिहिलंय. "अहो, तेच आहे, कंपनी वेगळी एवढंच." मग 'माइल्ड' लिहिलेली बाटली आली, मग 'डर्माटॉलॉजिकली टेस्टेड'. एकीवर पानाफुलांचं चित्र, आत लव्हेंडरचं तेल. मागे बीपीच्या गोळ्यांसाठी थांबलेली माणसं, कडेवर खाजवून खाजवून कंटाळलेलं पोर, आणि मी खोका दाराकडच्या उजेडात धरून मुंगीएवढी अक्षरं वाचतेय. एकावर तर घटकांच्या यादीवरच किमतीचं स्टिकर. नखाने उचकटलं, खाली शेवटच्या ओळीत 'परफ्यूम'.

तीच यादी महत्त्वाची, खोक्याची पुढची बाजू नव्हे. यादीत जे जास्त ते आधी लिहितात, पण एक टक्क्याहून कमी असलेल्या घटकांना क्रमाचं बंधन नसतं, म्हणून वासाचं नाव बहुधा शेवटी सापडतं. ते परफ्यूम, फ्रॅग्रन्स किंवा पारफम अशा कुठल्याही रूपात असेल. खोक्यावर 'हायपोअॅलर्जेनिक' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, कुणालाच अॅलर्जी होणार नाही असा त्याचा अर्थ नाही. 'अनसेन्टेड' वाचूनही यादी बघाच. क्रीमचा मूळ वास दाबायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. आणि 'नैसर्गिक' तेलांचा सुगंधही सुगंधच, फुटलेल्या त्वचेला तो तितकाच झोंबतो.

दुसऱ्या दुकानात गेले, तिथेही "तेच आहे". तिसरीकडे जे झालं त्याची मला जास्त चीड आहे. काउंटरवरच्या माणसाने क्रीम बाजूला ठेवलं आणि एक छोटी ट्यूब काढली. "हे लावा, दोन दिवसांत साफ." मी नाव वाचलं: क्लोबेटासॉल, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, तिन्ही एकत्र. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. तान्ह्या बाळाच्या गालावर ते लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि औषध अंगातही शोषलं जातं. अशा स्टिरॉइड क्रीमना २०१८ साली सरकारने शेड्यूल एचमध्ये घातलंय, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी ती ट्यूब माझ्या हातात न मागता आली. स्टिरॉइड वाईटच असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या डॉक्टरांनी स्वतः चट्टा भडकला की लावायला एक सौम्य दिलंय, किती आणि किती दिवस ते सांगून. पण ते ठरवणं दुकानदाराचं काम नव्हे. चिठ्ठीवर शेड्यूल एचचं औषध असेल तर त्याच्याऐवजी परस्पर दुसरं देण्याचाही त्याला अधिकार नाही. मॉइश्चरायझर बहुतेक वेळा कॉस्मेटिकमध्ये मोडतं, त्याला हे संरक्षण नाही. म्हणून आपल्यालाच हट्टाला पेटावं लागतं.

शेवटी चिपळूणलाच एका मेडिकलमध्ये फोन केला. तिथल्या मुलीने यादी मोठ्याने वाचून दाखवली, वास नाही याची खात्री केली आणि मोठा डबा मागवून ठेवला. गावातलं कुणी ना कुणी बाजाराला जातंच, त्यांच्याबरोबर तो येतो. मोठाच घ्या. बाळालाही आठवड्याला शंभरेक ग्रॅम सहज लागतं, छोट्या ट्यूबने काही होत नाही. डब्यात बोट न घालता स्वच्छ चमच्याने काढा. आणि नवीन वस्तू आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन-तीन दिवस पाहा.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, पुरे. साध्या साबणाचा सामू (पीएच, आम्लता मोजायचा आकडा) ९-१० असतो, त्वचेचा साडेपाचच्या आसपास. त्यामुळे साबणाऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, तीही बिनवासाची. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, साबण अंगावरून सुटत नाही, तेव्हा तर हा फरक स्पष्ट दिसला. अंग घासायचं नाही, टिपायचं, आणि तीन मिनिटांच्या आत क्रीम.

सासूबाईंचं म्हणणं घाण्याचं खोबरेल लावू. डॉक्टर नको म्हणाल्या नाहीत. शुद्ध असेल, त्यात कापूर नसेल, तर ओल्या अंगावर चालेल. डाळीचं पीठ आणि साय मात्र बंद. खाण्याच्या वस्तू फुटलेल्या त्वचेतून आत गेल्या की पुढे त्यांचीच अॅलर्जी होऊ शकते. ओव्याची धुरीही बंद केली, धुराने खाज वाढते. हे मी आईंना शांतपणे सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, याचा मला खूप आनंद आहे.

वैशाखात दमट उकाड्यात जाड पेट्रोलियम जेलीखाली घामोळं येतं, तेव्हा हलकं क्रीम. जेली थंडीत उत्तम, आणि बिनवासाची असेल तर घटकही सर्वांत कमी. पावसाळ्यात कपडे पडवीत दोन-दोन दिवस वाळत नाहीत, पण सुवासिक फॅब्रिक कंडिशनर घालायचं नाही. डिटर्जंट कमी आणि एकदा जास्त खळबळायचं. ओले वाइप्स मी वापरत नाही. काहींमध्ये मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते त्रासदायक म्हणून कुख्यात आहे. साधं पाणी आणि जुन्या मऊ साडीचा तुकडा पुरतो. नखं मात्र आठवणीने कापा.

चट्ट्यावर पिवळसर खपली धरली, पाणी सुटलं किंवा ताप आला तर क्रीम बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तिथे जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि त्याचं औषध कुठल्याही बाटलीत मिळत नाही, ते तपासून लिहून द्यावं लागतं.