शिट्टी हातात घेण्याआधी

"मॅडम, कोच व्हायचंय, कुठला कोर्स करू?" असं विचारणारी मुलं-मुली मला सारखी भेटतात. बहुतेक जण खेळलेले असतात, काही तर बऱ्याच वरच्या पातळीवर. स्पर्धांचे दिवस संपत आलेले असतात, मैदान सोडवत नसतं, आणि पुढचा रस्ता म्हणून कोचिंग डोळ्यांसमोर असतं. मी स्वतः लांब उडी मारायचे, आता वाढत्या वयाच्या मुलामुलींना उड्या आणि धावणं शिकवते, त्यामुळे ही ओढ मला चांगली कळते. कोर्सचं उत्तर मी देतेच. पण त्याआधी विचारते, दुसऱ्यांचा सराव तासभर नुसता बघत बसायला तुला आवडतं का? स्वतः मैदानात न उतरता?

यावर बरेच जण गोंधळतात. खेळाडूला स्वतःचं शरीर माहीत असतं, आणि कोचला दिवसभर दुसऱ्यांची शरीरं वाचायची असतात. शिवाय जे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं ते सांगणं फार अवघड जातं. चांगली लांब उडी मारणाऱ्याला विचारून बघा, "शेवटच्या दोन पावलांत नेमकं काय करतोस?" तो म्हणेल, "काही नाही, जोरात पळतो आणि उडतो." प्रत्यक्षात शेवटून दुसरं पाऊल जरा लांब पडतं, कंबर किंचित खाली येते, आणि शेवटचं पाऊल आखूड पडून शरीर वर निघतं. हे तो रोज करतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. ज्यांना ही दोन पावलं झगडून शिकावी लागली, ते पुष्कळदा जास्त चांगलं शिकवतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणूनच "मी फार मोठा खेळाडू नव्हतो, मला कोच होता येईल का?" असं कुणी दबक्या आवाजात विचारलं, की मी कोल्म ओ'कॉनेल यांचं नाव घेते. हे आयर्लंडचे मिशनरी शिक्षक १९७६ साली केनियातल्या इतेन इथल्या शाळेत भूगोल शिकवायला गेले. अॅथलेटिक्सची कसलीही पार्श्वभूमी नव्हती. मुलांना बघत, मुलांकडूनच शिकत ते कोच झाले. त्यांच्या शिष्यानं, डेव्हिड रुडिशानं, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. फुटबॉलमधले आरिगो साकी कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते, तरी त्यांच्या मिलान संघानं १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. याउलट बास्केटबॉलचे जॉन वुडन आधी नावाजलेले खेळाडू होते आणि नंतर त्याहून मोठे कोच झाले. खेळलेलं असणं कामाला येतंच. थकवा, भीती, हरल्यानंतरची रात्र हे सगळं आतून माहीत असतं. मात्र शिक्षणाची जागा ते घेऊ शकत नाही.

आता शिक्षणाकडे येते. शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानातली पदवी हा एक मार्ग. दुसरा, एखाद्या खेळातली कोचिंगची पदविका. भारतात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका म्हणजेच 'एनआयएस' हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. ही संस्था १९६१ पासून कोच घडवते आहे. तिसरा मार्ग त्या त्या खेळाच्या संघटनेची परवान्यांची शिडी. युरोपात फुटबॉल कोचला सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो असे परवाने पायरीपायरीनं मिळवावे लागतात; इतर खेळांत लेव्हल एक, दोन, तीन अशी रचना असते. या शिडीबद्दल माझं एक ठाम मत आहे. सगळ्यात खालचा परवाना सहसा लहान मुलांसाठी असतो, म्हणजे सगळ्यात कमी शिकलेला कोच सगळ्यात नाजूक वयाच्या मुलांच्या वाट्याला येतो. हे उलटं असायला हवं. तयार खेळाडू कोचची चूक निदान ओळखू शकतो. दहा वर्षांचं मूल कोच सांगेल ते करतं.

कोर्समध्ये शरीररचना, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचं बल आणि गतीचं शास्त्र), मानसशास्त्र, आहार, प्रशिक्षणशास्त्र असे विषय असतात. पुष्कळ जण परीक्षेपुरतं पाठ करतात आणि मैदानात आले की स्वतःच्या कोचनं जे केलं तेच करायला लागतात. या विषयांचा मैदानाशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी एक प्रसंग सविस्तर सांगते.

माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती. चौदा पावलांचा रन-अप, पाऊल बोर्डवर, म्हणजे उडी घेण्याच्या पट्टीवर, बरोबर पडायचं, जवळजवळ न बघता. मग एका मोसमात तिचे फाउल सुरू झाले. उडी मागून उडी, स्पाइक्सचा ठसा बोर्डच्या पुढे. ती रडवेली व्हायची, आणि कडेला उभे असलेले सल्ला द्यायचे की हिचं लक्ष उडालंय. मी टेप काढून पावलं मोजली. प्रत्येक पाऊल सुमारे पाच सेंटिमीटरनं वाढलं होतं. चौदा गुणिले पाच, सत्तर सेंटिमीटर. तिची उंची वाढली होती, पाय लांब झाले होते, आणि सुरुवातीची खूण मात्र जुन्या मुलीची होती. खूण मागे नेली, फाउल थांबले.

पण मोजताना आणखी एक दिसलं. पळून थांबली की ती गुडघ्याच्या वाटीखाली हात चोळत होती. तिथे हाडाचा उंचवटा थोडा सुजलेला, दाबला की दुखणारा. वाढीच्या वयात मांडीचा मोठा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे ओढतो, तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उड्यांचा मारा झाला की तिथे दुखू लागतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तेच सांगितलं. पुढचे काही आठवडे पूर्ण रन-अपच्या उड्या बंद, उड्यांची संख्या एकदम कमी, आणि मांडीच्या ताकदीचे सोसतील तेवढेच व्यायाम. मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. त्या काळात तोल, वेग, ताळमेळ सगळं तात्पुरतं बिघडू शकतं. हे शिकलेला कोच थांबतो, मोजतो. न शिकलेला ओरडतो, आणि मूल खेळ सोडतं. म्हणून मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलाची उंची ठरावीक अंतरानं वहीत लिहून ठेवते. ती वही मला स्टॉपवॉचइतकी लागते.

याच कारणानं लवकर वाढलेल्या मुलांना 'टॅलेंट' म्हणून उचलणं आणि उशिरा वाढणाऱ्यांना मागे टाकणं मला फार खटकतं. बारा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीरांत कितीतरी वर्षांचं अंतर असू शकतं. निवड चाचणीच्या दिवशी कोचला हे आठवायला हवं.

मग येतं बोलणं. वुडन यांचे सराव १९७४-७५ च्या मोसमात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कडेला बसून टिपले होते. वुडन काय काय बोलतात, याच्या दोन हजारांहून अधिक नोंदी त्यांनी केल्या. कौतुक थोडं, रागावणंही थोडंच. सुमारे तीन-चतुर्थांश बोलणं म्हणजे सरळ माहिती, काय कर आणि कसं कर. चूक झाली की ते आधी बरोबर करून दाखवत, मग खेळाडूनं काय केलं ते दाखवत, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत संपलं, की सराव पुढे सुरू. सकाळी मदतनिसांबरोबर बसून ते मिनिटामिनिटाची आखणी करायचे. यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या संघाला बारा मोसमांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून देणारा माणूस रोज तयारी करून येत होता, हे मी नव्या कोचना आवर्जून सांगते. मैदानावर येऊन "आज काय घेऊ या?" असा विचार करणं म्हणजे मुलांचा वेळ फुकट घालवणं.

शब्दही निवडायला शिकावं लागतं. माणूस हालचाली कशा शिकतो याचा अभ्यास करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून दाखवून दिलं आहे की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवांकडे वळवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे वळवलं, तर बहुतेक वेळा शिकणं सोपं जातं. मी पूर्वापार चालत आलेलं "गुडघा वर, गुडघा वर" हे पालुपद सोडून "जमीन मागे ढकल" म्हणते. काही मुलं ते ऐकताक्षणी वेगळी पळतात. काहींना तेही लागू पडत नाही, मग तिसरा शब्द शोधायचा. एकाच वाक्यानं वीस जणांचं काम भागेल अशी अपेक्षा धरणारा माणूस या कामात लवकर वैतागतो. उडीनंतर लगेच बोलणंही मी टाळते. मूल वाळूतून उठून परत येतं, तेवढ्या वेळात त्याला स्वतःला काय जाणवलं ते आधी विचारते. उत्तर पुष्कळदा माझ्या निरीक्षणापेक्षा अचूक असतं.

मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः पुरुष कोचना, एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पाळीबद्दल बोलायला शिका. व्यायाम वाढला की पाळी बंद होणारच, ते फिटनेसचं लक्षण आहे, असं अजूनही काही ठिकाणी सांगितलं जातं. हे चूक आहे आणि धोकादायक आहे. शरीराला जेवढी ऊर्जा लागते तेवढी खाण्यातून मिळाली नाही, तर शरीर एकेक काम कमी करत जातं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, म्हणजे सततच्या ताणानं हाडांना बारीक तडे जातात, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट) असं नाव दिलं, आणि हे मुलांनाही होतं हे स्पष्ट केलं. पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जायचं, एवढं तरी कोचनं, मुलीनं आणि घरच्यांनी आधीच बोलून ठेवलेलं असावं. सगळ्यांसमोर वजन करणं, "थोडी जाड झालीस" असं सहज बोलून जाणं, या गोष्टी कोचच्या तोंडी शोभत नाहीत. त्या वाक्याचा परिणाम किती वर्षं टिकतो ते मी जवळून पाहिलं आहे.

प्रथमोपचाराबद्दल थोडक्यात, कारण इथे मतांना जागाच नाही. कुणी कोसळलं, हाक मारल्यावर प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर मदत बोलवायची आणि लगेच छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करायची. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. जवळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर ते लावायचं. उष्माघातात आधी थंड पाण्यानं शरीर गार करायचं, मग हलवायचं. डोक्याला मार लागून भोवळ, गोंधळ, मळमळ असेल तर त्या दिवशी खेळ संपला, सामना कितीही महत्त्वाचा असला तरी. हे हातांना सवयीचं झालेलं असेल तरच मुलांची जबाबदारी घ्यावी.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही तसेच. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, मेसेज पालकांच्या ग्रुपवर, प्रवासात दुसरी जबाबदार व्यक्ती सोबत. यानं कोचवर अविश्वास दाखवला जातो असं काहींना वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. या नियमांमुळे मुलं मोकळी राहतात आणि पालक निर्धास्त. गोळ्या-पावडरींचंही तेच. डोपिंगच्या नियमांत शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, त्यामुळे "घे रे, सगळेच घेतात" म्हणणारा कोच दुसऱ्याचं अख्खं करिअर पणाला लावत असतो.

स्वभावाचं म्हणाल, तर मला तीन-चार गोष्टींहून जास्त काही लागत नाही असं वाटतं. चिकाटी हवी, कारण वर्षभराच्या कामातून कधी कधी दहा सेंटिमीटर हाती लागतात. निकालाच्या दिवशी आवाज शांत ठेवता यायला हवा. आपल्या हातातला खेळाडू आपल्यापेक्षा जास्त जाणत्या कोचकडे सोपवता यायला हवा, तोही मनात अढी न ठेवता. हे सगळ्यात कठीण जातं. आणि सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाचं नाव पहिल्या आठवड्यात माहीत झालेलं असावं.

ज्यांना खरंच या वाटेनं जायचंय, त्यांनी एखाद्या अनुभवी कोचकडे जाऊन मदतनीस म्हणून काम मागावं. टेप धरा, वाळू सपाट करा, वेळ लिहून घ्या. रोज एकच खेळाडू निवडा आणि पूर्ण सराव त्याच्याकडेच बघा. घरी गेल्यावर पानभर लिहा: कुठल्या उडीनंतर पाय जड पडायला लागले, कोच काय बोलला, त्यानंतर काय बदललं. ज्यांच्याकडे शिकायला गेलात ते स्वतः वही ठेवत नसतील, आणि "असं का?" विचारल्यावर चिडत असतील, तर दुसरीकडे जा. दोन-तीन महिने असे गेले की कोर्सचा अर्ज भरा. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणासाठी मात्र थांबू नका, ते याच महिन्यात करून टाका.